खुशालभाऊचं रोवणी युनिट

खुशालभाऊ निमगडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातली नोकरी संपवून गावी परत आला, तेव्हा त्याच्यासोबत एक कूलर, दोन लोखंडी पेट्या आणि विजेविषयी भरपूर मतं होती. आमचं चक जांभळी गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाहून सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरंच आत आहे. तिथे वीज येते, जाते आणि पुन्हा जाते. ती गेली की लोक खुशालभाऊकडे बघत, जणू त्यानंच खटका ओढला. त्याला ते आवडायचं.

"लोड वाढला असंन," तो आभाळाकडे बघत म्हणायचा. "मी असतो त सांभाळला असता."

खरी गोष्ट अशी, की वीजकेंद्रात तो ठेकेदाराचा माणूस होता. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली जो कोळसा सांडतो, तो फावड्यानं उचलून परत पट्ट्यावर टाकायचा, हे त्याचं काम. गेटपासवर 'हेल्पर' लिहिलेलं होतं. गावात येईपर्यंत त्याचं 'पट्टा मी चालवत होतो' झालं, आणि विहारासमोरच्या कट्ट्यावर बसता बसता 'प्लांट मीच पाहत होतो' इथपर्यंत गेलं. कोणी अडवलं नाही. बाहेर राहून आलेल्या माणसाला एवढी सूट गाव देतं.

मी प्रफुल. माझी पिकअप गाडी आहे. धान, वांगी, मंडपाचे बांबू, नवरदेव, जे मिळेल ते वाहतो. खुशालभाऊचं यंत्र जिथे जिथे गेलं तिथे माझ्याच गाडीतून गेलं, म्हणून हे सगळं मला पुढच्या रांगेत बसून बघायला मिळालं.

सुरुवात रोवणीपासून झाली. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बायाच करतात. बांध घातलेल्या बांधीत गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, जुडी, कमरेतून वाकायचं आणि मागे मागे सरकत ओळ लावत जायची. गावात सुकरीबाई मडावीची टोळी या कामात सगळ्यात चांगली. तिची माणसं मिळावीत म्हणून लोक उन्हाळ्यातच तिच्या घरी जाऊन बसतात, चहा पितात, तिच्या बकरीचीसुद्धा तब्येत विचारतात.

खुशालभाऊकडे त्या वर्षी टोळी आली ती केसरबाईमुळे. केसरबाई म्हणजे खुशालभाऊची बायको. नवरा ऊर्जानगरला असताना एवढी वर्षं वावर तिनंच केलं होतं. सुकरीबाईचं आणि तिचं बोलणं एका वाक्यात व्हायचं: "येतो ना वं?" "येतो." झालं.

पण या खेपेला वावराचा मालक हजर होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी छत्री, आणि धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या उंच बांधावर, असा उभा की खाली युद्ध चालू आहे.

"सरळ लावा. त्या तिकडची ओळ वाकडी होऊन राह्यली. तंबाखू मळाले इतका टाइम लागते का? ए, ते काऊन हासून राह्यल्या?"

बाया हसत होत्या कारण शर्टाच्या मागे चिखलाचा एक गोळा बसला होता. तो कोणी मारला ते आजतागायत कळलेलं नाही.

दुपार होता होता सुकरीबाईनं पाठ सरळ केली. हात धुऊन पदराला पुसले.

"खुशालभाऊ, उभं राहून थकसान जी. बसा जराक."

"मी काम पाहून राह्यलो."

"आमी करून राह्यलो, तुमी पाहून राह्यले. दोन्ही एका बांधीत नाई होत."

एवढं बोलून ती वर आली. तिच्यामागे सगळी टोळी आली. बोडीच्या तळ्यावर पाय धुतले आणि सगळ्या बाया रस्त्यापलीकडच्या वावरात जाऊन वाकल्या. खुशालभाऊ छत्री घेऊन अर्ध्या रोवलेल्या वावरापाशी उभा. आता खाली पाहायला काही नव्हतं.

उरलेलं अर्धं केसरबाईनं बहिणी-भाच्या गोळा करून रोवलं, पण तोवर पऱ्हे जुने होऊन त्यांना गाठी आल्या होत्या. पीक उभं राहिलं तेव्हा वावराचा एक भाग हिरवागार आणि दुसरा पिवळट. रस्त्यावरून सरळ रेघ दिसायची. एसटीचा कंडक्टर त्या जागेला 'बॉर्डर' म्हणायला लागला.

खुशालभाऊनं कट्ट्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या साली माह्या वावरात एक बाई पाय नाई ठेवणार. मी रोबोट बनवतो."

"मंग केसरबाई कुठून जाईन?" कोणीतरी मागून विचारलं.

खुशालभाऊ कट्ट्यावरून उठला. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या दारात आला. "गाडी काढ. चंद्रपूरले जाऊ. कबाडीकडं."

पुढचे काही महिने माझी गाडी भंगारच्या दुकानांसमोरच उभी असायची. खुशालभाऊ ढिगात असा शिरायचा की फक्त टोपी दिसायची. हळूहळू अंगणात वस्तू जमल्या. दवाखान्यातून टाकून दिलेली चाकाची खुर्ची, तिच्यापासून सांगाडा झाला. मेलेल्या ई-रिक्षाची मोटर. कारच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर, ती हातासाठी. सायकलच्या दोन चेनी. कूलर आपलाच होता, त्याचा पंप यंत्रात गेला. फुटक्या काचेचा मोबाईल डोळा म्हणून बसला. सर्किट शाळेतून आलं. मुलांच्या प्रयोगांसाठी कुठूनशी एक पेटी आली होती आणि ती कोणी उघडली नव्हती. हेडमास्तरांनी ती इतक्या आनंदानं दिली, की वाटलं त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

एका ट्रकमधला मागे येताना बोलणारा भोंगा त्याला फुकट मिळाला, तोही लावला. यंत्र मागे सरकलं की बाईच्या आवाजात हिंदी ऐकू यायचं, "कृपया ध्यान दें, गाडी पीछे आ रही है." खुशालभाऊला हा भाग सगळ्यात आवडायचा. वीजकेंद्रात अशाच आवाजाच्या गाड्या फिरायच्या म्हणे.

वाद झाला तो शिलाई मशीनवरून. केसरबाई गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवायची. एक दिवस ती हळदीच्या कार्यक्रमाहून घरी आली तर मशीनचं वरचं डोकं गायब.

"अजी, माही मशीन कुठी हाय?"

"सुई वर-खाली होते ना, तसाच रोबोटचा हात वर-खाली झाला पाह्यजे. तुह्या मशीननं शास्त्राले मदत केली, असं समज."

"मंग शास्त्राले सांगा, पोलीसपाटलाच्या सुनंचा ब्लाऊज उद्या पाह्यजे म्हणावं."

ब्लाऊज अडकून पडलेल्या बाया चौकशीला येऊन अंगणात थांबायच्या. खुशालभाऊ यंत्रापुढे उकिडवा बसून त्याला तेल लावतोय, कापडानं पुसतोय, त्याच्याशी बोलतोय. त्यानं त्याचं नाव 'युनिट' ठेवलं होतं, कारण वीजकेंद्रात मोठ्या यंत्रांना तेच म्हणतात. बायांनी आठवड्याभरात त्याचं नाव 'केसरबाईची सवत' करून टाकलं. गावात तेच चाललं. "काय वं केसर, सवत आज काय करून राह्यली?" "निजली हाय. सकाळपासून चार्जिंगले लावली."

पण खोटं कशाला बोलू. उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्यानं मला बोलावलं. अंगणात चिखलानं भरलेला एक पत्र्याचा टब होता. युनिट टबाच्या कडेनं उभं होतं. त्यानं बटण दाबलं. हात खाली गेला, ताटलीतलं एक रोप चिमटीत धरलं, चिखलात खोचलं, वर आला. युनिट वीतभर पुढे सरकलं. पुन्हा हात खाली. रोप उभं. पुन्हा पुढे.

मी हसायच्या तयारीनं गेलो होतो. हसू आलं नाही. खुशालभाऊ टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"प्रफुल, पाह्य," तो हळूच म्हणाला. "याले कोणी सांगून नाई राह्यलं. आपल्या मनानं करून राह्यलं."

तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण अंकुश आला. अंकुश 'तोफ' नावाचं मोबाईलवरचं चॅनेल चालवतो. बातमी नसेल त्या दिवशी तो रस्त्यावरच्या खड्ड्याची मुलाखत घेतो. त्यानं टबातलं काम चित्रित केलं, मागे ढोल वाजवले आणि वर लिहिलं, 'जंगलातल्या शास्त्रज्ञाची कमाल! महिलांच्या कष्टाला पूर्णविराम!'

दोन दिवसांत सत्कार ठरला. समाजमंदिरात खुर्च्या लागल्या. तालुक्याहून एक साहेब आले, कुठल्याशा कॉलेजचे एक प्राचार्य आले, आणि एक पुढारी आले ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून त्यांना मधली खुर्ची मिळाली. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचा फोटो मोठा, खुशालभाऊचा त्याहून लहान, आणि युनिटचा कोपऱ्यात. जमिनीवर हिरवं कार्पेट टाकलं होतं. युनिटनं ते धान समजून त्यात रोपं खोचायचा प्रयत्न केला. टाळ्या पडल्या.

"यात ते ए-आय आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हाय ना सर," खुशालभाऊ म्हणाला. "पुढच्या बाजूले टाकली."

साहेबांनी वाकून पुढची बाजू पाहिली आणि समाधानानं मान हलवली. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की हे यंत्र देशाची दिशा बदलेल. पुढाऱ्यांनी सांगितलं की त्यांना लहानपणापासून रोबोटची आवड होती. तीन शाली झाल्या, नारळ झाले. एवढी शिकलेली, एवढी मोठी माणसं. चिखलात याची चाकं चालतील का, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा. मला गाडीचं भाडं मिळत होतं.

पाऊस झाला, बांध्या भरल्या, ट्रॅक्टरनं चिखल केला. रोवणीचा दिवस उजाडला तेव्हा खुशालभाऊच्या वावराच्या धुऱ्यावर अख्खं गाव. शेजारच्या गावातलेही आले. कोणीतरी भज्यांचा ठेला लावला. शेजारच्याच बांधीत सुकरीबाईची टोळी काम करत होती, आणि त्या दिवशी ती टोळी जरा जास्तच हळू काम करत होती.

खुशालभाऊनं युनिटला हार घातला. बुद्धवंदना म्हटली. बटण दाबलं.

युनिट बांधीत उतरलं आणि चाललं. हात खाली, रोप उभं, वीतभर पुढे. पुन्हा. पुन्हा. धुऱ्यापासून पंधरा-वीस रोपं सरळ ओळीत उभी राहिली. अंकुश मोबाईल धरून ओरडायला लागला, "इतिहास! इतिहास!" खुशालभाऊ शेजारच्या बांधीकडे तोंड करून उभा राहिला, तिथल्या बायांना आपण आपोआप दिसू अशा बेतानं.

मग युनिट बांधीच्या मधल्या खोल भागात पोचलं आणि खाली बसलं. म्हैस बसते तसं, घाई न करता. आधी चाकं गेली, मग खुर्चीचे दांडे गेले. पण हात थांबला नाही. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं की गाडी थांबली आहे. खाली जायचा, रोप खोचायचा, वर यायचा, आणि परत त्याच जागी खोचायचा. थोड्या वेळात त्या एका जागी एवढा मोठा झुबका झाला की लग्नाच्या स्टेजवर ठेवावा.

"बंद करा ना जी!" केसरबाई ओरडली.

"बंद काऊन? हात चालू हाय!" खुशालभाऊ म्हणाला. "रोवणं चालू हाय!"

त्यानं ते मागे घ्यायचं बटण दाबलं. चाकं उलटी फिरली, मागची सगळी सरळ ओळ चिखलासकट उपटून हवेत उडाली, आणि बाईच्या शांत आवाजात सगळ्या शिवारात ऐकू आलं, "कृपया ध्यान दें, गाडी पीछे आ रही है." गाडी मागे येत नव्हती. गाडी खाली जात होती. "कृपया ध्यान दें." गाव पूर्ण ध्यान देत होतं. भजेवाला कढई सोडून बघायला आला.

खुशालभाऊ इस्त्रीच्या शर्टासकट आत उतरला. मांडीपर्यंत रुतला, एक गमबूट चिखलात राहिला, दुसऱ्या पायानं उभा राहून त्यानं पुरुष मंडळींना हाक मारली, "अरे या ना बे, धरा!" पुरुष मंडळी आली नाहीत. सगळ्यांच्या हातात मोबाईल होते, आणि चिखलात मोबाईल खराब होतो.

सुकरीबाई मधल्या धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"काढाचं का?"

खुशालभाऊ युनिटचा हार सोडवत होता, जणू सध्या तेच मुख्य काम होतं.

"काढा वं बाई," केसरबाई म्हणाली.

"काढतो. अन् राह्यलेलं वावरही रोवून देतो. पर हा माणूस धुऱ्यावर उभा राह्यला नाई पाह्यजे. आज नाई, उद्या नाई, परवा नाई."

"नाई राह्यत."

"त्यायले बोलू दे."

पाऊस भुरभुरत होता. भोंगा चिखलात गुदमरत 'ध्यान दें, ध्यान दें' करत होता. खुशालभाऊनं सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "नाई राह्यत."

बायांनी कासोटे खोचले, नांगराचा दोर आणला, युनिटच्या खुर्चीला बांधला आणि 'हुय' करून ओढला. एवढा मोठा आवाज करून ते चिखलातून निघालं की धुऱ्यावरची पोरं पळाली. नेमका त्या क्षणाचा फोटो अंकुशनं काढला. हा फोटो लक्षात ठेवायची गरज नाही, तो पुढे स्वतःच येतो.

दुपारी खुशालभाऊ येनाच्या झाडाखाली बसला होता. एक पाय गमबुटात, एक उघडा. मी शेजारी बसलो. केसरबाई किटलीत चहा घेऊन आली. मग तो चहाकडे बघत म्हणाला, "नोकरीभर माह्या मागं एक सुपरवायझर उभा राहे. मी पट्ट्याखाली वाकून, अन् तो छत्री घेऊन उभा. हे उचल, ते उचल. रोज. मले वाटे, आपलं वावर हाय, एक दिवस आपण उभं राहू."

मला वाटलं आता केसरबाई पदर डोळ्यांना लावेल.

"राहा ना उभे," ती म्हणाली. "मी कवा नाई म्हटलं? फक्त तोंड बंद ठेवून उभे राहा. आन् गमबूट शोधा, नवा हाय."

बायांनी वावर रोवलं. त्या दिवसांत खुशालभाऊ घरात टीव्हीसमोर बसून होता. ओळी एवढ्या सरळ लागल्या की कंडक्टर हिरमुसला.

गोष्ट संपली असं आम्ही सगळेच समजलो. पण एक दिवस पेपरात तो फोटो आला. दोर ओढणाऱ्या बाया, आणि पलीकडे दोराला बांधलेलं, चिखलानं माखलेलं युनिट. खाली छापलं होतं, 'रोबोटच्या साहाय्याने आनंदात रोवणी करताना महिला.' बायांची तोंडं उघडी होती, कारण त्या 'हुय' म्हणत होत्या. पेपरवाल्याला तो आनंद वाटला.

पेपर आला आणि मागोमाग फोन आला. चंद्रपूरच्या कुठल्याशा संस्थेनं 'श्रममुक्त महिला सन्मान' खुशालभाऊला जाहीर केला होता. महिलांना श्रमातून मुक्त केल्याबद्दल सन्मान एका पुरुषाला, हे कोणाला खटकलं नाही. मात्र मुक्त झालेल्या महिला समोर दिसल्या पाहिजेत, असा संस्थेचा आग्रह होता. निरोप घेऊन अंकुश सुकरीबाईकडे गेला. मीही होतो.

"तुमाले पारंपरिक वेशात बोलावलं हाय," तो म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... आदिवासी दिसल्या पाह्यजे."

सुकरीबाईनं आपल्या पोलिस्टरच्या साडीकडे पाहिलं, मग अंकुशकडे. "मंग आता मी काय दिसून राह्यली?"

अंकुशनं घाईनं जेवण आहे आणि गाडी आहे असं सांगितल्यावर बाया तयार झाल्या. त्यांना फुकटात चंद्रपूरची महाकाली बघायची होती.

सभागृहात थंडगार हवा होती. युनिटला धुऊन पुसून स्टेजवर ठेवलं होतं. खुशालभाऊला शाल, मानचिन्ह आणि फळांची टोपली मिळाली. मग निवेदिकेनं माईक सुकरीबाईसमोर धरला आणि गोड आवाजात विचारलं, "ताई, या रोबोटमुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?"

केसरबाई माझ्या शेजारी बसली होती. स्टेजवर खुशालभाऊनं शाल गळ्याशी घट्ट धरली.

सुकरीबाईनं माईक हातात घेतला. "भल्ला फायदा झाला," ती म्हणाली. "पह्यले हा माणूस धुऱ्यावर उभा राहून आमच्यावर ओरडे. हे मशीन आलं, चिखलात फसलं, तवापासून तो येतच नाई. आता आमी आरामात रोवतो. तंबाखू पण मळतो. असं एकेक मशीन सगळ्या मालकायले द्या जी सरकारनं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. 'आमी आरामात रोवतो' एवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं. प्रमुख पाहुणे उठून म्हणाले, "बघा, तंत्रज्ञानाचा फायदा किती साध्या शब्दांत सांगितला!" आणि सगळ्या मालकांना यंत्र मिळावं ही मागणी वरपर्यंत पोचवायचं आश्वासन त्यांनी जागेवरच दिलं. केसरबाई पदरात तोंड खुपसून एवढी हसली की मागच्या रांगेतल्या बाईला वाटलं ती गहिवरली. तिनं केसरबाईच्या पाठीवर हात फिरवला.

परतताना बाया मागे युनिटभोवती बसून गाणी म्हणत होत्या. खुशालभाऊ माझ्या शेजारी केबिनमध्ये, मांडीवर मानचिन्ह. जंगल लागल्यावर तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "प्रफुल, तिनं मले टोमणा मारला का रे?"

"नाई भाऊ. तिनं फायदा सांगितला."

"मलेही तसंच वाटलं," तो म्हणाला आणि मानचिन्ह रुमालानं पुसायला लागला.

तिथून त्याचं नशीब उघडलं. कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. 'श्रममुक्त रोवणी' या विषयावर खुशालभाऊ भाषण देऊ लागला, आणि ते भाषण चांगलं असायचं, हे मान्य करावं लागेल. युनिट पुन्हा कधी बांधीत उतरलं नाही, टबापाशीच राहिलं. टबात ते कधी चुकलं नाही. गुळगुळीत फरशीवर, पंख्याखाली, दोनशे पोरांसमोर ते इतकं सुंदर रोवायचं की मीही दर वेळी बघत राहायचो.

पुढच्या वर्षीची रोवणी आली तेव्हा आम्ही गोंदियाकडच्या एका कॉलेजात होतो. भाषणाआधी खुशालभाऊनं गाडीत बसून केसरबाईला फोन लावला. फोनचा स्पीकर चालू होता.

"रोवलेल्या बांधीचा एक फोटो पाठव. पडद्यावर दाखवाचा हाय. अन् फोटोत बाया नको."

पलीकडून चिखलाचा पचपच आवाज, हसणं, मग केसरबाई फोन दूर धरून म्हणाली, "वं सुकरी, बाजूले व्हा म्हणते. तुमी फोटोत नको म्हणते."

सुकरीबाईचा आवाज स्पष्ट आला. "त्याले सांग, बाजूले झाल्या त वावरही बाजूलेच राहीन."

फोटो आला तो बायांसकट. खुशालभाऊनं तो बोटानं ताणून ताणून कापला. उरल्या त्या हिरव्या सरळ ओळी. एका कोपऱ्यात मात्र कोपरापर्यंतचा एक हात राहिला, हिरव्या बांगड्या, मुठीत पऱ्ह्यांची जुडी. तो कापायला गेलं तर अर्धी बांधीच जात होती.

सभागृहात फोटो पडद्यावर आला तेव्हा पोरांनी 'वाह' केलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, त्या कोपऱ्यात हात कोणाचा आहे?"

"ऑपरेटरचा," खुशालभाऊ म्हणाला. पापणीही हलली नाही.

"मग रोबोट कुठे आहे?"

मी दाराशी उभा होतो. खुशालभाऊनं पडद्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, टोपी नीट केली.

"तो फोटो काढून राह्यला ना."

हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. प्राचार्य एवढे खूश झाले की आभार मानायच्या आधीच त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख मागितली. खुशालभाऊनं क्षणभर विचार केला.

"रोवणीतलीच ठेवा सर," तो म्हणाला. "त्या दिवसात मी एकदम मोकळा असतो."